२०२२ साल येऊन गेले

भविष्यकाळावर काढलेल्या चित्रपटांची एक गंमत असते. पौराणिक किंवा ऐतिहासिक चित्रपट कितीही जुना झाला तरी त्याच्यातला काळ शिळा होत नाही. भविष्याचे चित्र रंगविणाऱ्याला मात्र एखादे साल सांगावे लागते, आणि ते साल केव्हातरी उजाडतेच. मग त्या चित्रपटाची उत्तरपत्रिका तपासली जाते. ‘सॉयलेंट ग्रीन’ या अमेरिकन चित्रपटाने सांगितलेले साल होते २०२२. तो प्रदर्शित झाला १९७३ मध्ये. तेव्हा हे साल जवळजवळ पन्नास वर्षे दूर होते. आता ते येऊन गेले आहे. हे निमित्त साधून आम्ही तो चित्रपट डीव्हीडीवर पुन्हा पाहिला. त्यातले काय खरे ठरले आणि काय चुकले, एवढ्यावर विचार थांबेना. एक वेगळाच प्रश्न मनात घर करून राहिला. तो वाचकांपुढे मांडावा, म्हणून हा लेखप्रपंच.

पहिल्यांदा हा चित्रपट आम्ही सेमिनरीत शिकत असताना, नव्वदच्या दशकाच्या आरंभी, व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता. त्यातील नायक चार्लटन हेस्टन. ‘द टेन कमांडमेंट्स’मधला मोशे आणि ‘बेन-हर’ म्हणून आपल्या धर्मग्रामांतील जुन्या मंडळींना तो चांगलाच परिचित आहे. त्याचाच चित्रपट म्हणून ती कॅसेट भाड्याने आली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत करावयाची होती. काहीतरी धार्मिक पाहावयास मिळेल अशी काहींची अपेक्षा होती. पाहावयास मिळाले ते घामाने निथळणारे, उपाशी, माणसांनी खच्चून भरलेले न्यूयॉर्क शहर.

कथा थोडक्यात अशी. न्यूयॉर्कची लोकसंख्या चार कोटी झाली आहे. शेते, झाडे, नद्या जवळपास संपल्या आहेत. बारा महिने उष्णतेची लाट आहे. सॉयलेंट नावाची कंपनी अर्ध्या जगाला अन्न पुरविते. अन्न म्हणजे लाल, पिवळ्या व हिरव्या रंगाच्या वड्या. हिरवी वडी समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींपासून केली जाते असे सांगतात, आणि ती फक्त मंगळवारी मिळते. या कंपनीच्या एका संचालकाचा खून होतो. थॉर्न हा पोलीस अधिकारी तपास करू लागतो. त्याच्या सोबतीला सोल नावाचा एक वृद्ध आहे, ज्याने जुने जग डोळ्यांनी पाहिले आहे. तपासाच्या शेवटी जे रहस्य बाहेर येते ते भयंकर आहे. हिरवी वडी समुद्रातून येत नसून मेलेल्या माणसांपासून बनविली जाते.

चित्रपट जुना झाला आहे, यात शंका नाही. २०२२ सालचा पोलीस अधिकारी कचेरीशी बोलण्यासाठी रस्त्यावरचा टेलिफोन गाठतो. अंगावरचे कपडे, केसांची ठेवण, दिवाणखान्यातील फर्निचर, सारे १९७३ सालचे. श्रीमंताच्या घरात ऐश्वर्याची खूण म्हणून ठेवलेला व्हिडिओ गेम आज आपल्या बालवर्गातील मुलेही हाती धरणार नाहीत. आमच्यासोबत चित्रपट पाहावयास बसलेले युवक काही वेळ मनसोक्त हसले. परंतु स्ट्रॉबेरीच्या जॅमची बाटली दीडशे डॉलर्सला असल्याचे कळते, आणि थॉर्नने आणलेला मांसाचा तुकडा पाहून म्हातारा सोल रडू लागतो, तेव्हा मात्र हसणे थांबले. ते दोघे मांस, थोडा हिरवा पाला आणि एक सफरचंद असे जेवण जेवतात. थॉर्नला ती चव ठाऊकच नाही. हिवाळ्यात शेतात बसून हिरव्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी खाणाऱ्या आपल्या खानदेशी माणसाला त्या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता आकड्यांकडे वळू. चित्रपटाने न्यूयॉर्कला चार कोटी माणसे दिली होती. २०२० च्या जनगणनेत ती ८८ लाख भरली. जगाची लोकसंख्या मात्र खरोखरच वाढली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणे १५ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे चित्रपटाने सांगितलेल्या त्याच वर्षी, ती आठशे कोटींवर गेली. चित्रपट निघाला तेव्हा ती चारशे कोटींच्याही आत होती. म्हणजे तोंडे दुपटीहून अधिक झाली. तरी माणसाने माणूस खाल्ला नाही.

हे भय एकट्या चित्रपटाचे नव्हते. ज्या कादंबरीवर तो आधारलेला आहे ती हॅरी हॅरिसन यांची कादंबरी १९६६ सालची. १९६८ मध्ये पॉल एर्लिच यांचे ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ हे पुस्तक निघाले आणि जगभर खळबळ उडाली. त्याच वर्षी पोप पॉल सहावे यांनी ‘ह्युमाने व्हिते’ हे पत्र प्रसृत केले आणि जगाचा रोष ओढवून घेतला. सत्तेने दांपत्याच्या जीवनात जबरदस्तीने हात घालण्याचा धोका त्या पत्राने स्पष्टपणे दाखविला होता. तो धोका किती खरा होता, हे महाराष्ट्राला लवकरच कळले. १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करण्याचे विधेयक आपल्या विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. कोणताही कायदा नसताना देशात गोरगरिबांवर काय बेतले, हे त्या पिढीतील माणसे विसरलेली नाहीत. आज महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले जन्मतात, असे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखविले आहे. ती सक्ती नसताना हे घडले. मुलींचे शिक्षण आणि बालमृत्यूंत झालेली घट यांचा त्यात मोठा वाटा आहे.

आणि गंमत पाहा. न्यूयॉर्कच्या काल्पनिक भुकेचा हा चित्रपट ज्या वर्षी पडद्यावर आला, त्याच वर्षी महाराष्ट्र खऱ्या भुकेशी झुंजत होता. १९७२–७३ चा दुष्काळ! घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी त्या वर्षाच्या आठवणी सांगितलेल्या आहेत. अमेरिकेहून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी, कामावर वाटली जाणारी सुकडी, खडी फोडणाऱ्या बायका, बांधावर झोपविलेली तान्ही मुले. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. पन्नास लाख! पडद्यावरच्या न्यूयॉर्कमध्ये सरकार भुकेल्या जमावावर यंत्रे सोडते. मातीचे ढिगारे उचलावेत तशी ती यंत्रे माणसांना उचलून गाडीत टाकतात. इथे त्या जमावाच्या हाती कुदळ-फावडे देण्यात आले आणि आठवड्याला मजुरी. वि. स. पागे यांच्या चिंतनातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना याच काळात रुजली. १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या कामांवर हाल नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. परंतु एवढा मोठा दुष्काळ पडूनही पूर्वीच्या दुष्काळांसारखी माणसे किड्यामुंग्यांप्रमाणे मेली नाहीत.

आपल्या ख्रिस्तसभेचाही त्यात खारीचा वाटा आहे. अहमदनगर भागात काम करणारे येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी दुष्काळाचा तो काळ जवळून पाहिला. नुसते धान्य वाटून भागणार नाही, पावसाचे पाणी ज्या डोंगरावर पडते तिथेच ते अडविले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यातूनच पुढे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आणि १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट उभी राहिली. शुभवर्तमानातील पाच हजारांच्या जेवणाची गोष्ट येथे आठवते. शिष्यांनी गर्दी मोजली, जवळच्या भाकरी मोजल्या, आणि लोकांना घरी पाठवून द्यावे असा व्यवहारी सल्ला दिला. प्रभूने त्यांनाच सांगितले की तुम्ही यांना जेवू घाला. शिष्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, पण तो तिथेच संपत होता.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की मग चित्रपट खोटा ठरला, विषय संपला. आम्हांस तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण घरी बसून चित्रपट पाहण्याच्या सोयीतच आहे. हा चित्रपट रुंद पडद्यासाठी काढलेला. टीव्हीच्या चौकोनात तो बसावा म्हणून कॅसेटवर चित्राच्या दोन्ही कडा छाटलेल्या असत. त्यामुळे सेमिनरीत आम्ही पाहिला तो मधला नायक. डीव्हीडीवर चित्र पूर्ण रुंदीत दिसते, आणि हवे तिथे थांबविताही येते. थॉर्न जिना उतरत असता आम्ही चित्र थांबविले. पायऱ्यापायऱ्यांवर माणसे झोपलेली आहेत आणि तो त्यांना ओलांडून जात आहे. त्याची नजरही खाली जात नाही. कडेची ही माणसे हीच खरे तर चित्रपटाची कथा आहे. चौकट लहान केली की सर्वांत आधी तीच छाटली जातात.

मग ध्यानात येते की रहस्य उलगडण्याच्या कितीतरी आधीपासून या शहरात माणूस वस्तू झालेला आहे. श्रीमंताच्या भाड्याच्या घरासोबत एक तरुणी मिळते. तिला ‘फर्निचर’ असेच म्हणतात. भाडेकरू बदलला की ती नव्या भाडेकरूची. पुस्तके वाचून पोलिसाला माहिती पुरविणाऱ्या म्हाताऱ्याला ‘पुस्तक’ म्हणतात. युवकांना हे नाटकी वाटले. आम्ही त्यांना विचारले, “ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला काय म्हणतात रे?” चाळीसगाव तालुक्यातून आलेला एक मुलगा लगेच उत्तरला, “एक कोयता, फादर.” आणि उत्तर देऊन तो स्वतःच गप्प झाला.

होय, एक कोयता. चाळीसगावपासून नंदुरबारपर्यंतच्या गावापाड्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती कोयत्यामागे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि शासनाने समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, खाडा झाला की दंड, हे त्यामागील एक कारण त्या स्त्रियांनीच सांगितले. आपल्या चहात पडणाऱ्या साखरेच्या चमच्यात किती माणूस विरघळलेला आहे, हा प्रश्न २०२२ सालच्या काल्पनिक न्यूयॉर्कचा नाही.

चित्रपटात एक धर्मगुरू आहे. त्याचे नाव फादर पॉल. त्याचे चर्च निराश्रितांनी इतके भरलेले आहे की बाकांमध्ये पाय ठेवायला जागा नाही. खून झालेल्या संचालकाने मरणापूर्वी याच्याकडे पापनिवेदन केले होते. ते रहस्य ऐकून फादर पॉल मनाने मोडून गेला आहे. थॉर्न खोदून विचारतो, पण तो सांगत नाही. पुढे पापनिवेदनाच्या कक्षातच त्याला गोळी घालून ठार करतात. सेमिनरीत असताना या प्रसंगी आम्हांला चौदाव्या शतकातील संत जॉन नेपोमुक आठवले होते. पापनिवेदनाची गुप्तता राखली म्हणून राजाने त्यांना नदीत बुडविले, अशी परंपरा सांगते. या वेळी मात्र आमचे लक्ष फादर पॉलच्या डोळ्यांकडे गेले. तो भ्रष्ट नाही, भित्राही नाही. तो थकलेला आहे. दार उघडे ठेवणे एवढेच त्याच्या हाती उरले आहे, आणि ते दार त्याने बंद केलेले नाही. साऱ्या शहरात पैसे न घेता कोणालाही आत घेणारी ती एकच जागा दिसते. शेवटची झटापट होते तीही तिथेच, झोपलेल्या गरिबांच्या गर्दीत.

या चित्रपटातील सर्वांत गाजलेला प्रसंग सोलच्या मरणाचा आहे. सत्य कळल्यावर तो ‘घर’ नावाच्या सरकारी संस्थेत जातो. तिथे हसतमुखाने स्वागत होते. आवडता रंग आणि आवडते संगीत विचारले जाते. वीस मिनिटे भोवतीच्या भव्य पडद्यावर फुले, हरणे, समुद्र दाखवितात, आणि माणूस शांतपणे मरतो. ही भूमिका करणारे एडवर्ड जी. रॉबिन्सन त्या वेळी खरोखरच कर्करोगाने आजारी होते. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, २६ जानेवारी १९७३ रोजी, ते निवर्तले. प्रसंग इतका सुंदर आहे, की पाहणाऱ्याला क्षणभर ते ‘घर’ चांगलेच वाटू लागते. आम्हांला भीती वाटली ती याचीच. साऱ्या शहरात आदराने विचारपूस होते ती फक्त मरावयास आलेल्या माणसाची!

धुळ्याच्या बाजूचे एक वृद्ध गिरणी कामगार आम्हांला आठवतात. वय ऐंशीच्या पुढे. एके रात्री त्यांचा मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, “फादर, बाबा औषध तोंडात धरतात आणि आम्ही पाठ फिरवली की थुंकून टाकतात.” दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या उशाशी जाऊन बसलो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग अहिराणीत इतकेच म्हणाले, “फादर, मी आते काय कामना?” नातवाची फी आणि आपली औषधे यांचा हिशेब त्यांनी मनाशी मांडला होता. कोणी त्यांना टाकून बोलले नव्हते. मुलगा-सून जिवापाड करीत होती. पण माणसाची किंमत त्याच्या कामावरून होते, हे आयुष्यभर भोंग्यावर जगलेल्या त्या माणसाच्या हाडीमाशी खिळले होते.

अशा वेळी ख्रिस्तसभेची शिकवण नीट सांगावी लागते. मरण जवळ आले असता, ज्यांनी केवळ यातना लांबतील असे अवजड उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली हा भेद स्पष्ट केला आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली अशा नकाराला कायद्याची वाट करून दिली. परंतु ‘मी ओझे आहे’ म्हणून मरण मागणे वेगळे. ती मागणी बहुधा एक प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर आजूबाजूच्या माणसांनी द्यावयाचे असते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिकांनी ते उत्तर कसे दिले, हे साऱ्या देशाने पाहिले आहे. त्यांची सहकारी अरुणा शानभाग हिच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये, म्हणजे पुन्हा त्याच वर्षी, पाशवी हल्ला झाला. ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. मे २०१५ मध्ये तिने शेवटचा श्वास घेतला, तोपर्यंत परिचारिकांच्या पिढ्यामागून पिढ्यांनी तिला भरविले, न्हाऊ-माखू घातले. २०११ साली दयामरणाचा अर्ज न्यायालयापुढे आला, तेव्हा या परिचारिकांनी त्याला विरोध केला. ती कोणत्याही ‘कामाची’ नव्हती. ती त्यांची होती.

आमच्या त्या बाबांच्या घरीही धर्मग्रामातील भगिनींनी पाळ्या लावल्या. कोणी दुपारी जाऊन बसे, कोणी रोझरी म्हणे, कोणी नुसती भाजी निवडीत गप्पा मारी. नातू शाळेतून आला की मागावर धागा तुटला तर काय करीत, हे आजोबांना विचारी, आणि आजोबा बोटांनी हवेत गाठ मारून दाखवीत. त्यांनी औषध थुंकणे केव्हा थांबविले, हे कोणाच्या लक्षातही आले नाही. काही महिन्यांनी, रुग्णाभ्यंग स्वीकारून, ते आपल्याच घरी देवाघरी गेले.

आता त्या हिरव्या वडीकडे पुन्हा पाहू. आपण मिस्साबलिदानाला येणारी माणसे. शरीर भाकरीच्या रूपाने दिले जाते, हे आपल्याला नवीन नाही. मग त्या वडीची शिसारी का यावी? तिथे दुबळ्याचे शरीर बलवानाने घेतले आहे. मेलेल्याला न विचारता आणि खाणाऱ्याला न सांगता. वेदीवर प्रभू स्वतःचे शरीर स्वखुशीने, नाव घेऊन, सर्वांसमक्ष देतो. एका मेजावर माणूस संपतो, दुसऱ्या मेजावर माणूस घडतो. पण हा फरक आपोआप टिकत नाही. करिंथ येथील ख्रिस्ती मंडळी प्रभुभोजनाला जमत, तेव्हा पैसेवाले आधीच खाऊन तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. असे करणारे खरे प्रभुभोजन करीतच नाहीत, असे संत पौलाने त्यांना कठोरपणे सुनावले. ख्रिस्तशरीर स्वीकारलेल्या जिभेने शेजाऱ्याला ‘कोयता’ म्हणावे काय, घरातल्या म्हाताऱ्याला ‘अडगळ’ म्हणावे काय, हाच तो प्रश्न, ज्याने हा चित्रपट पाहिल्यापासून आमची पाठ सोडलेली नाही.

चित्रपटाचे आणखी एक भाकीत आपल्याला चटके देत आहे. ‘हरितगृह परिणाम’ हा शब्द १९७३ साली सामान्य माणसाच्या कानी पडत नव्हता. सोल तो उच्चारतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, रावेर-यावलच्या केळीच्या बागा करपू लागतात, तेव्हा बारमाही उन्हाळ्याची ती कल्पना फारशी कल्पना राहत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाऊदातो सी’ या पत्रात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावयास सांगितले, ते उगाच नव्हे.

चित्रपटातील न्यूयॉर्कमध्ये तंबूखाली जपलेली चार झाडे उरली आहेत, आणि ती पाहण्याचे भाग्य सत्ताधाऱ्यांचे. आपल्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याने नव्वदच्या दशकापासून उजाड डोंगर राखावयास घेतला. आज तिथे चारशेहून अधिक हेक्टरांवर जंगल उभे आहे, आणि त्या कामाचे धुरीण चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. त्या गावात रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. पाड्यांवरच्या बायका आपापल्या टोपल्यांतून कितीतरी प्रकारच्या भाज्या आणून रांधतात आणि प्रत्येकीचे नाव व गुण सांगतात. लाल, पिवळी, हिरवी अशा तीन वड्यांच्या जगाला याहून चांगले उत्तर आम्हांला सुचत नाही.

ज्यांच्या घरी वाढत्या वयाची मुले आहेत त्यांनी हा चित्रपट त्यांच्यासोबत बसून पाहावा. लहानग्यांसाठी तो नाही. मध्ये मध्ये तो थांबवावा, आणि कडेला झोपलेली माणसे मुलांना दाखवावीत. संपल्यावर सर्वांनी एकत्र जेवावयास बसावे. घरात आजी-आजोबा असतील, तर पहिले ताट त्यांचे वाढावे.